आत्याचा रकाना

३ फेब्रुवारी, सोमवार

नवं शहर, नवं घर, नवी नोकरी आणि ही नवी वही. चारही गोष्टी एकाच आठवड्यात पदरात पडल्या, म्हणून आज कशाबद्दलही कुरकुर करायची नाही असं ठरवलंय. घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, एक अरुंद स्वयंपाकघर आणि बाल्कनीच्या नावाखाली पाऊलभर जागा. पलंग कुठल्या भिंतीला लावायचा यावर नवऱ्याने अर्धा तास डोकं खाल्लं आणि शेवटी मी म्हटलं तिथेच लावला. बिट्टीने, म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या कन्यारत्नाने, खोक्यांतून आधी स्वतःचे रंग शोधून काढले आणि त्यानंतर कुठल्याच खोक्याला हात लावला नाही.

ऑफिस घरापासून बारा मिनिटांवर, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. माणसं माझ्यासकट चार. मालकीणबाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात. तिकीटवाली, जिच्या कानाला फोन कायमचा चिकटलेला. नकाशेवाले, साठीच्या पुढचे गृहस्थ, जे प्रत्येक पार्कचा नकाशा अजून हाताने काढतात. आणि आजपासून मी. काम काय ते ऐकून सासूबाईंना फोनवर हसू आवरेना. जगभरच्या थीम पार्कांत मजा करायला जाणाऱ्या लोकांना त्या मजेचं वेळापत्रक करून द्यायचं. तिकिटं काय, कोणीही काढून देतं. आम्ही मिनिटं देतो. फाटकाशी किती वाजता उभं राहायचं, कुठल्या राइडकडे आधी पळायचं, जेवायचं कधी, सावलीतला बाक कुठे.

मी अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि त्यातली नऊ वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं. बावीस शिक्षक, अठरा वर्ग, एक प्रयोगशाळा, आणि तक्त्यात एकही चौकोन रिकामा नाही. मॅडमनी तो जुना तक्ता पाहिला आणि मुलाखत तिथेच आटोपली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नकाशेवाले मला शिकवताहेत. फाटक उघडलं की बहुतेक माणसं उजवीकडे वळतात, म्हणून आपल्या लोकांना डावीकडे पाठवायचं. जेवण अकरालाच उरकायचं, कारण एकला जेवायला जाणाऱ्याचा तास रांगेत जातो. मिरवणूक निघाली की मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगा ओसरतात. पाण्यातल्या राइड दुपारी, म्हणजे भिजलेले कपडे संध्याकाळपर्यंत अंगावरच वाळतात. प्रत्येक राइड किती सेकंदांची हे त्यांना तोंडपाठ आहे. मलाही येईल. समुद्राकाठच्या पार्कातला लाकडी कोस्टर दोन मिनिटं पाच सेकंद. थंड देशातल्या तळ्याकाठच्या पार्कातली होडी आठ मिनिटं.

प्रत्येक कुटुंबाचा एक मोठा कागद करायचा. डावीकडे दहा-दहा मिनिटं, वर माणसांची नावं, प्रत्येकाला एक रकाना. तळाशी जोड्या, म्हणजे कुठल्या राइडमध्ये कोण कोणाशेजारी बसणार. लोक परत आले की पत्र पाठवतात आणि सोबत राइडवरचा फोटो, उतारावर कॅमेरा आपोआप टिपतो तो. तोंडं वासलेली, केस उडालेले. सगळी भिंत त्या फोटोंनी भरली आहे. मला हे काम मनापासून आवडलंय. आपण नुसते रकाने भरतो आणि कुठे तरी लांब एक घर दिवसभर हसत असतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज आत्याची ओळख झाली.

राइडमध्ये जागा दोन-दोनच्या असतात. तिघं गेले की एक जण एकटा पडतो आणि पार्कवाले त्याच्या शेजारी रांगेतलं कोणीही परकं माणूस बसवतात. लोकांना ते नको असतं. म्हणून इथे फार वर्षांची पद्धत आहे. विषम संख्या आली की एक तिकीट जास्तीचं काढायचं. नातं, आत्या. कोणी विचारलं तर आत्या मागून येतेय म्हणायचं, जागा रिकामी ठेवायची आणि तिथे पिशवी टाकायची. तिकीटवाली फोनवरूनच ओरडते की पाच जण आहेत, घाला आत्या. मावशी का नाही विचारलं, तर म्हणाली, मावशी घरोघरी येऊन जाऊन असते, पटकन पकडली जाईल. आमची आत्या म्हणे जगातली सगळ्यात हिंडलेली बाई आहे आणि तिला आजवर एकदाही मळमळलं नाही.

कागदावर आत्याचाही रकाना असतो, वरपासून खालपर्यंत कोरा. माझ्या डोळ्यांत तो कुसळासारखा खुपतो. मी विचारलं, हा असाच ठेवायचा? नकाशेवाल्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "तिला तिकीट द्यायचं. दिवस द्यायचा नाही." माझ्या आधीची बाईही हेच विचारायची म्हणाले आणि पुन्हा नकाशात डोकं घातलं. जुन्या माणसांच्या खोडी असतात एकेक.

१७ फेब्रुवारी, सोमवार

माझं पहिलं स्वतंत्र काम, आणि गिऱ्हाईक थेट खालचं. चष्मेवाले, त्यांची पत्नी आणि पंधरा वर्षांची मुलगी. समुद्राकाठच्या पार्कात तीन दिवस. चष्मेवाले अबोल. बोलण्याचं सगळं खातं पत्नीकडे. ठेंगणी, गोरीपान, हसली की खांदे हलतात. तिने मला बावीस प्रश्न विचारले आणि त्यातले सहा स्वच्छतागृहांबद्दल होते. मध्येच म्हणाली की लग्न झाल्यापासून दुकान बंद ठेवून हे तिघं कधी कुठे गेलेले नाहीत, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. मला ती फार आवडली. तिच्यासाठी दिवस असा आखायचा की कुठे शिवण दिसायला नको.

मुलीला बाबांशेजारी बसायचंय. तेव्हा आईशेजारी आत्या, पिशवीही राहील.

आणि मग मी तो रकाना भरला. हो, भरला. संध्याकाळी पाच वाजता ऑफिसात मी एकटीच होते, कागद पूर्ण झाला होता आणि ती एक कोरी पट्टी माझ्याकडे बघत होती. म्हटलं, कोणाचं काय जातंय. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून एक चाळीसला कारंज्याजवळच्या बाकावर बसेल. तिला अंधाऱ्या राइडमध्ये थंडी वाजते, तपकिरी स्वेटर बरोबर असेल. तीनला लिंबाचं आइसफ्रूट. उंच राइड आवडतात, पण डोळे मिटून घेते. लिहिताना मी स्वतःशीच हसत होते. नऊ वर्षं शिक्षकांचे तास भरले, पण कोणाचा स्वभाव भरायची मुभा कधी मिळाली नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आनंदाची बातमी. इथे नव्या माणसाला पहिल्या सुट्टीत कुटुंबासकट एक पार्क मिळतो, कारण जे स्वतः पाहिलं नाही ते दुसऱ्याला काय आखून देणार. आमचा बेत एप्रिलअखेरचा. डोंगराच्या कुशीतलं पार्क, तिथला लोखंडी कोस्टर तीन मिनिटं दहा सेकंदांचा. बिट्टीने ऐकलं आणि खुर्चीवर उभी राहून ओरडली. रोज दाराच्या चौकटीशी उंची मोजते, बसू देतील ना म्हणून.

आमचा कागद आजच करून पाठवूनही टाकला. आम्ही तिघं, म्हणजे चौथी आत्या आलीच. नवरा उंचावर जायला टरकतो. एकुलता एक, सासूबाईंनी तळहातावरच्या फोडासारखा जपलेला, त्याचा हात धरायला मीच शेजारी हवी. बिट्टी कशालाच घाबरत नाही. म्हणून पुढे आम्ही दोघं, मागे बिट्टी आणि आत्या.

आत्याचा रकाना आता हात आपोआप भरतो. गुडघे, बाक, स्वेटर. या आठ दिवसांत नऊ कुटुंबांना मी हीच आत्या दिली.

१० मार्च, सोमवार

चष्मेवाल्यांचा फोटो आला. उतारावर पुढे बाप-लेक, तोंडं उघडी. मागे आई, डोळे घट्ट मिटलेले, आणि तिच्या शेजारी एक बाई. तपकिरी स्वेटर. वाऱ्याने केस तोंडावर आलेत.

मी तिकीटवालीला म्हटलं, बघा, जागा राखूनही पार्कवाल्यांनी परकं माणूस बसवलंच. ती म्हणाली, स्वेटर काय, निम्म्या बायकांकडे तपकिरी असतो. खरंच आहे ते. पत्रही आहे, सगळा बेत घड्याळाच्या काट्यावर झाला आणि आत्यांनाही फार मजा आली असं लिहिलंय. चष्मेवाले थट्टाही करतात तर. खाली मात्र तीन सह्या आहेत. त्यांची, मुलीची आणि तिसरी नुसतीच एक आडवी रेघ.

१४ मार्च, शुक्रवार

दुपारी खाली गेले, चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता. गल्ल्याशी एक बाई बसली होती. पाय स्टुलावर, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. चष्मेवाले म्हणाले, ही माझी ताई. ती मान वर न करता पेटीतल्या काचा पुसत राहिली.

मी विचारलं की पत्नी कशा आहेत, दिसल्या नाहीत. त्यांनी पेचकस थांबवला. कोणाच्या पत्नी, विचारलं. मी म्हटलं, तुमच्या, बावीस प्रश्नांवाल्या. ते कसंनुसं हसले आणि म्हणाले की आमच्या घरात पहिल्यापासून आम्ही तिघंच. मी, पोरगी आणि ताई.

मुलगी जिन्यात माझ्या मागे आली. इकडे तिकडे बघत म्हणाली की तिला एक विचारायचंय. रोज सकाळी जाग येताना तिच्या तोंडून "आई" अशी हाक निघते. "मी कोणाला हाक मारते, काकू?" मला तिच्याकडे बघवेना. वर आले आणि बराच वेळ हात धूत उभी राहिले.

२० मार्च, गुरुवार

आज ही वही सुरुवातीपासून वाचली. १७ फेब्रुवारीला एका बाईबद्दल पान भरून लिहिलंय. ठेंगणी, गोरीपान, हसली की खांदे हलतात. अक्षर माझं आहे. मला ती बाई आठवत नाही. १४ मार्चला आठवत होती असं दिसतं. भिंतीवरच्या फोटोत आज तीनच माणसं आहेत, पुढे बाप-लेक आणि मागे स्वेटरवाली. तिच्या शेजारची जागा रिकामी आहे. पण १० तारखेला मी लिहिलंय की आई होती, डोळे मिटलेले होते.

बाकीची आठही कुटुंबं शोधून काढली. आठ फोटो. आठही ठिकाणी तपकिरी स्वेटर. आणि आठही ठिकाणी तिच्या शेजारची जागा रिकामी. मी जोड्यांत तिथे कोणाकोणाला बसवलं होतं ते पाहिलं. एका ठिकाणी आजोबा. एका ठिकाणी जुळ्यांतली एक. सगळ्यांना फोन केले. सगळे मजेत आहेत. कोणाचं काही हरवलेलं नाही.

नकाशेवाल्यांसमोर जाऊन रडले. ते ओरडले नाहीत. खणातून पिवळा पडलेला एक नकाशा काढला, त्यांच्याच हातचा. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, इथे उतरताना धाकट्याचा पाय मुरगळला. ते म्हणाले, "मला धाकटा भाऊ नाही. कधी नव्हता. पण हे मी लिहिलंय." माझ्या आधीच्या बाईने त्यांच्या सहलीचा कागद केला होता. रकाना रिकामा राहिला की तिलाही चैन पडायचं नाही.

मी विचारलं, पाठवलेला कागद मागे घेता येतो का. त्यांनी नकाशा घडी घालून पुन्हा खणात ठेवला. आमच्या कागदाच्या तळाशी माझ्याच हाताने लिहिलंय, बिट्टी आणि आत्या.

२७ मार्च, गुरुवार

सहल रद्द. घरी तसं जाहीर केलं. ऑफिसात काम जास्त आहे असं खोटं सांगितलं. बिट्टी रडली आणि जिन्यात जाऊन बसली. नवरा चिडला. तो चिडला तर एक वेळ परवडेल. पण नंतर तो म्हणाला की तुला जमत नसेल तर राहू दे, मी आणि ताई नेतो पोरीला.

कोण ताई, विचारलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हसला. त्याला वाटलं मी रागाच्या भरात नणंदेचं नाव टाकलंय.

सासूबाईंना फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, तुम्हाला मुलं किती. त्या म्हणाल्या, असं काय विचारतेस गं, दोन. थोरलीशी कालच बोलले, गुडघे फार दुखतात बिचारीचे.

२ एप्रिल, बुधवार

पासपोर्ट लपवले. माळ्यावर, जुन्या पातेल्यात. सकाळी टेबलावर होते, एकावर एक नीट रचून. चार. चौथा मी उघडला नाही.

ऑफिस सोडलं. मॅडमना कारण सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, त्या फक्त म्हणाल्या की तुमचा बेत मात्र फार सुंदर झालाय.

८ एप्रिल, मंगळवार

बिट्टी चित्रं काढते. आपलं घर. चार माणसं. एकीला तपकिरी रंग. मी विचारलं, तोंड का नाही काढलंस. म्हणाली, आत्याचं तसंच असतं.

तिला जवळ घेऊन समजावलं की आपल्याकडे आत्या नाही. तिने माझ्याच डोक्याला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून.

वही सोडून कशावर विश्वास ठेवायचा नाही. रोज सकाळी पहिल्या पानापासून वाचायची. आम्ही तिघं. मी, नवरा, बिट्टी. तिघं —

१५ एप्रिल, मंगळवार

मी गेले नाही तर तो तिला घेऊन जाणारच. थांबवता येत नाही. बिट्टीला घेऊन माहेरी निघाले होते, बस निघायच्या आधी तो हजर, त्याला कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाला ताईने.

मग एकच उरतं. कागद माझा आहे, जोड्याही मीच बदलणार. पुढे नवरा आणि बिट्टी. मागे आत्या आणि मी.

भीती वाटते. खूप वाटते. पण त्यानंतर मला कोणी शोधणार नाही, कोणी रडणार नाही, आणि बिट्टी राहील. एक दिवस सकाळी उठताना तिच्या तोंडून हाक निघेल आणि ती विचारात पडेल. तेवढं चालेल मला.

२४ एप्रिल, गुरुवार

निघालो. ती दाराशीच उभी होती, बॅग घेऊन. साधी बाई आहे. वाईट असं काही नाही तिच्यात. बिट्टीचा हात धरते. विमानात माझ्या पलीकडे बसली. चेहऱ्याकडे पाहिलं की नजर निसटते, दुसरीकडेच जाते. चेहरा मी लिहिला नव्हता.

२६ एप्रिल, शनिवार. सकाळी ९.१०

पार्क. फाटक उघडलं. सगळे उजवीकडे, आम्ही डावीकडे. घोड्यांचा पाळणा, मग होडी, मग आरशांचं घर. एकाही रांगेत दहा मिनिटांच्या वर नाही. बिट्टी इतकी हसतेय की तिला उचकी लागली. इतका सुंदर दिवस मी कोणालाच आखून दिला नव्हता.

दुपारी १.४०

ती कारंज्याजवळच्या बाकावर बसली. घड्याळ पाहिलं. एक चाळीस. मी लिहिलं होतं, एक चाळीस.

३.०० 

लिंबाचं आइसफ्रूट. बिट्टीला पण दिलं तिने. मी हिसकावून टाकलं. नवरा सगळ्यांसमोर बोलला मला. बोलू दे.

मिरवणूक निघाली. आता कोस्टर. नवा कागद खिशात आहे. मी मागे. मी आणि ती. बिट्टीला कडेवर घेतलं, आठ वर्षांची घोडी, खाली उतरव म्हणत होती. उतरवलं —

३.२४

फळीपाशी उभी राहून लिहितेय. नीट लिहायला हवं.

सगळं बरोबर चाललं होतं. बिट्टीला मी स्वतः पुढच्या जागेकडे ढकललं. ती बाई माझ्या शेजारी उभी. तेवढ्यात राइडवाल्याने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. वही. सुट्या वस्तू आधी फळीवर ठेवा. प्रत्येक कागदाच्या तळाशी मीच लिहायचे हे. पलीकडे फळी, चार पावलं. गेले, हातातून सोडवेना वही, आले. तेवढ्यात —

बिट्टीला मागे बसायचं होतं. आत्याजवळ. नवऱ्याशेजारी रांगेतला कोणी तरी परका माणूस बसवला. मागे बिट्टी, शेजारी तपकिरी स्वेटर. राइडवाल्याने पाहिलं, लहान मुलीशेजारी मोठं माणूस आहे ना, आहे. मान हलवली. दांडा खाली आला.

मी ओरडले. इथे सगळेच ओरडतात.

तिने हात हलवला मला.

तीन मिनिटं दहा सेकंद. चढ एक मिनिट. दिसतेय अजून. लाल रिबन. आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवते.

आठ वर्षांची. वरचा एक दात अर्धा आलेला. डाव्या भुवईत टाक्याची खूण, पलंगावरून पडली तेव्हाची. झोपताना माझी कानाची पाळी धरते. सातचा पाढा चुकतो, सात आठे, नेहमी तिथेच. रागावली की जिन्यात बसते. जन्मली तेव्हा रडलीच नाही, नर्सने उलटी धरली, मग थांबेना —

शिखरावर. थांबली गाडी.

खाली. फोटो इथेच काढतात.

आठ वर्षांची. दात. खूण कुठल्या भुवईत — डाव्या, वर लिहिलंय, डाव्या. कानाची पाळी धरते. कोणाच्या

वळण. दोन मिनिटं झाली. वर वाचलं. वहीत सगळीकडे बिट्टी, बिट्टी, बिट्टी. हे घरातलं नाव. शाळेत दुसरं आहे. ते मी कुठेच लिहिलेलं नाही. एवढे रकाने भरले आणि तेच नाही लिहिलं. मीच ठेवलं होतं, नवऱ्याला वेगळं हवं होतं, तीन दिवस भांडले त्याच्याशी. जिभेवर आहे. येतंय. गाडी बोगद्यात शिरली, वीस सेकंद. लिहिते. माझ्या मुलीचं नाव